आईचं ताट डाएट शीटवर कधी येणार?

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

1 ते 7 ऑगस्ट हा स्तनपान सप्ताह. त्यातल्या एखाद्या दिवशी तुमच्या पेपरात एक फोटो हमखास येतो. पेटवलेली समई, मागे फलक, पाहुण्यांच्या हातात गुच्छ, पुढच्या रांगेत चार-पाच बाळंतिणी. अशा दोन-तीन जुन्या फोटोंत अगदी कडेला, अर्धा चेहरा कापलेली मीही सापडेन. 1985 साली मी सरकारी सेवेत परिचारिका म्हणून लागले आणि 2022 मध्ये निवृत्त झाले. त्यातली एकवीस वर्षं मुलांच्या वॉर्डात गेली. आईच्या दुधाचं महत्त्व सांगणारी भाषणं मी ऐकली आहेत, दिलीही आहेत. त्यामुळे पुढे जे लिहिते आहे त्यातला निम्मा राग माझा माझ्यावरच आहे, हे आधीच सांगून टाकते.

गेल्या मे महिन्यात आमच्या नातीला इस्पितळात ठेवावं लागलं. वय चार महिने, वजन चार किलो शंभर ग्रॅम. जन्मली तेव्हा दोन किलो सातशे होती. धडधाकट मूल पाचव्या महिन्याच्या सुमाराला जन्मवजनाच्या दुप्पट होतं, त्या हिशेबाने ही बरीच मागे. तिच्या हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक आहे. लहान भोक पुष्कळदा आपसूक बुजतं. हिचं मोठं आहे. त्यातून जास्तीचं रक्त फुप्फुसात जातं, श्वास जोरात चालतो आणि दूध ओढता ओढता मूल दमतं. कपाळावर घाम येतो, दोन मिनिटं चोखलं की डोळे मिटून गप्प. तान्ह्या मुलाला दूध ओढणं ही सगळ्यात मोठी मेहनत. आमच्या बायसाठी प्रत्येक पाजणं म्हणजे चोर्लाचा घाट पायी चढणं. हजार जन्मांमागे आठ-नऊ मुलं हृदयाचा काही ना काही दोष घेऊन येतात. तरी बघायला येणारा प्रत्येक जण 'तुमच्या घराण्यात कोणाला होतं?' हे विचारल्याशिवाय चहाचा कप खाली ठेवत नाही.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, औषधं चालू ठेवू, वजन वाढू दे, मग ऑपरेशन करू. तेवढ्यात न्यूमोनिया झाला आणि अकरा दिवस वॉर्डात काढावे लागले. इस्पितळाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. मी पाहिलं ते एका इमारतीपुरतं नाही, आणि मी नोकरीत असताना माझ्या वॉर्डातही हेच चालत होतं.

पहिल्या दिवशी तिचा श्वास मिनिटाला सत्तरच्या वर होता. अशा वेळी तोंडाने पाजलं तर दूध श्वासनलिकेत जायची भीती, म्हणून नाकातून नळी घातली. हे बरोबरच केलं. मग सिस्टरनी माझ्या सुनेला सांगितलं, "दर तीन तासांनी दूध काढून आणा, पन्नास-पन्नास मिली." हेही बरोबर. पण काढून आणा म्हणजे कुठून? वॉर्डात एकतीस खाटा, प्रत्येक खाटेशी कोणाचा तरी बाप, काका, आजोबा. पडदे धुवायला गेलेले. सून वाटी घेऊन बाथरूममध्ये गेली. तिथे कडीच्या जागी सुतळी, खाली पाणी, बसायला काही नाही, आणि बाहेरून कोणीतरी दार ठोठावतंय. दर तीन तासांनी म्हणजे रात्री बाराला, तीनला आणि पहाटे सहालाही. रात्री मुलाजवळ एकच माणूस, त्यामुळे मी नऊ वाजता घरी. पुढचं ती एकटी.

आता जेवणाचं सांगते, कारण मुख्य मुद्दा तोच आहे.

वॉर्डात रोज सकाळी डाएट शीट भरतात. कुठल्या खाटेला पूर्ण जेवण, कुठल्या खाटेला बिनमिठाचं, कुठे फक्त पेज, हे त्यावरून स्वयंपाकघराला कळतं. आमच्या नातीच्या नावापुढे लिहिलं होतं, 'नळीने आईचे दूध.' साहजिकच स्वयंपाकघराला त्या खाटेसाठी काही पाठवायचं नव्हतं. ट्रॉली आली, तेरापर्यंतच्या खाटांना ताटं वाटत गेली आणि आमची खाट सोडून पुढे गेली. बाळाचा आहार म्हणून कागदावर आईचं दूध, आणि ज्या बाईने ते दूध तयार करायचं तिच्या नावाचा कागदच नाही. पूर्ण अंगावर पिणाऱ्या मुलाची आई दिवसाला साधारण पाऊण लिटर दूध देते. त्यासाठी तिला रोजच्या जेवणावर आणखी पाचशे-सहाशे उष्मांक लागतात. हे आकडे मीच बाळंतिणींना पाठ म्हणून दाखवायची. ते कुठून येणार हे मात्र मी कधी विचारलं नव्हतं.

कँटीन होतं की, असं कोणी म्हणेल. होतं, दोन मजले खाली. दुपारी तिथे जेवण मिळतं नेमकं त्या वेळी जेव्हा राउंड लांबलेला असतो. दुसऱ्या दिवशी सून खाली गेली आणि दहा मिनिटांत वर आरोळी उठली, "14 नंबरची आई कुठे गेली?" मी वऱ्हांड्यात होते, धावत आत गेले. डॉक्टरांना आईलाच विचारायचं होतं, आजी चालत नव्हती. ती परत आली तेव्हा चार माणसांसमोर ऐकून घ्यावं लागलं, "बाळ सोडून फिरायला जाता?" तिच्या हातात कागदात बांधलेला भजी-पाव होता, तो तिने ओढणीखाली लपवला. त्यानंतर ती खाली गेलीच नाही. बिस्किटं आणि चहा.

तिसऱ्या दिवशी वाटीत पन्नासच्या जागी जेमतेम वीस मिली. शेजारच्या खाटेवरची आजी म्हणाली, "डब्याचं चालू कर गो, हट्ट नको." सून रडायला लागली. सिस्टरही बिचारी घाईत म्हणून गेली, "दूध आटलं असेल तर सांगा, फॉर्म्युला लिहून घेऊ."

आटलं नव्हतं. छाती जितकी रिकामी होते तितकं पुढचं दूध तयार होतं, हा त्याचा साधा नियम. रात्रीचं काढणं चुकलं की तोटा जास्त, कारण दूध तयार करणारं संप्रेरक रात्री जास्त असतं. आणि भीती, लाज, घाई असली की तयार झालेलं दूधही उतरत नाही, कारण ते उतरवणारं संप्रेरक वेगळं, आणि सुतळीच्या दारामागे उभं राहून ते येत नाही. उपाशी, जागरणाने पिंजलेली, ओरडा खाल्लेली बाई दुधाला बसली की वीस मिली येतं. डबा लिहून दिला असता तर तिने कमी वेळा काढलं असतं, मग आणखी कमी आलं असतं, आणि पंधरा दिवसांनी सगळ्यांनी मान डोलावून म्हटलं असतं, 'बघा, हिला दूधच नव्हतं.'

हे मला इतकं ठाऊक असण्याचं कारण सांगते. 1989च्या आसपास आमच्या वॉर्डात टाळूला खाच असलेलं एक मूल होतं. त्या मुलांना तोंडात हवा धरून ओढता येत नाही, दूध नाकातून येतं. त्याच्या आईला मी, तेव्हा चार वर्षांच्या नोकरीची शहाणी, म्हणाले होते, "त्याला ओढवत नाही ना, मग कशाला जीव काढतेस? डबा घे." तिला दूध काढून, मुलाला उभट धरून बोंडल्याने पाजायला शिकवायला मला अर्धा तास लागला असता. मी तो दिला नाही. त्या वेळी आमच्या भिंतीवर दुधाच्या एका कंपनीचं कॅलेंडरही असायचं, गुटगुटीत बाळाचं. 1992 साली कायदा झाला, कंपन्यांनी आयांना नमुने वाटणं आणि डब्यांची जाहिरात बंद झाली, कॅलेंडरं गेली. ती बाई तीन आठवड्यांनी परत दिसली तेव्हा तिच्या अंगावर दूध नव्हतं. मूल जुलाबाने परत भरती झालं होतं. ते वाचलं, पण तिने माझ्याकडे पाहिलेलं मी विसरलेले नाही.

म्हणून चौथ्या दिवसापासून घरून डबा. सकाळी उकड्या तांदळाची पेज आणि चवळीची भाजी, दुपारी भात, वरण, बांगडा, संध्याकाळी नाचण्याचं तिजान, अळिवाची खीर. अळिवाने दूध वाढतं की वेळेवर पोटभर जेवल्याने वाढतं, या वादात मी पडत नाही. मी तिच्यासमोर स्टूल घेऊन बसायची आणि शेवटचा घास होईपर्यंत कोणालाही, अगदी राउंडलाही, सांगायची की 'ती जेवते आहे.' निवृत्त सिस्टर म्हणून माझं ऐकून घेतलं. बाकीच्या पंचवीस-तीस आयांच्या बाजूने हे म्हणणारं तिथे कोणी नव्हतं. सहाव्या दिवशी वाटी परत पन्नासवर आली.

एका मुलीचे आभार मानल्याशिवाय हे पत्र पुरं होणार नाही. रात्रपाळीची परिचारिका, वय पंचवीस-सव्वीस असेल. तिने दोन सलाईन स्टँडना चादर बांधून खाटेशेजारी आडोसा करून दिला. नळीने दूध जात असताना बाळाला आईच्या छातीशी धरायला सांगितलं, आधी दूध काढून मोकळी केलेली छाती तोंडात देऊन. पोट नळीने भरतंय आणि तोंडाला चोखण्याची सवय राहतेय, असं. नळी निघाल्यावर आमची बाय पुन्हा अंगावर प्यायला लागली ती त्यामुळे. आणखी एक गोष्ट तिने शिकवली, जी मलाही उशिरा कळली होती: सुरुवातीचं पातळ दूध एका वाटीत बाजूला काढायचं आणि नंतर येणारं दाट, जास्त स्निग्धांशाचं दूध बाळाला आधी द्यायचं. हृदयाच्या मुलाला पाणी कमी आणि ताकद जास्त लागते, ती अशी मिळते. हे सगळं तिने पहाटे तीन वाजता केलं, जेव्हा एकतीस मुलांमागे दोनच परिचारिका होत्या. अध्यापन इस्पितळाच्या साध्या वॉर्डात तीन रुग्णांमागे एक आणि इतर इस्पितळांत पाच रुग्णांमागे एक परिचारिका हवी, असा भारतीय परिचर्या परिषदेचा निकष आहे. आता गणित वाचकांनीच करावं. दिवसा 'फॉर्म्युला लिहून घेऊ' म्हणणाऱ्या सिस्टरवर म्हणूनच माझा राग नाही. तिच्या हातात त्या क्षणी चार इंट्राकॅथ, म्हणजे सलाईनच्या सुया, आणि एक नेब्युलायझर होता.

पंधरा नंबरच्या खाटेवर सत्तरी तालुक्यातल्या आतल्या गावातला पाच वर्षांचा मुलगा होता. मूत्रपिंडातून प्रथिनं वाहून जाण्याचा आजार, अंगावर सूज, डोळे उघडत नव्हते. हा आजार बरा होतो आणि परत येतो, वर्षानुवर्षं. त्याची आई रोज सकाळी त्याची लघवी परीक्षानळीत घेऊन तापवून पाहायला शिकली होती. पांढरं साकळलं की प्रथिनं आहेत. वहीत तारीख आणि खूण. इतकी नेटकी वही मी शिकाऊ डॉक्टरांकडेही पाहिली नाही. तिला ट्रॉलीतून एक ताट मिळायचं, मुलाचं, बिनमिठाचं. दोघं त्यातच जेवायची.

तिची पाच महिन्यांची मुलगी घरी होती, सासूकडे. संसर्ग नको म्हणून तान्हं मूल वॉर्डात आणायला मनाई. नियम चुकीचा नाही. पण ही बाई भरलेल्या छातीने आठ दिवस बसून होती. पाचव्या दिवशी थंडी वाजून ताप आला, एका बाजूला गाठ, लाल, दगडासारखी. दूध साकळलं होतं. आणि मुलांच्या वॉर्डातल्या डॉक्टरने तिला तपासायचं तर ती त्यांची पेशंट नाही. तळमजल्यावर बाह्यरुग्ण विभागात केसपेपर काढून रांगेत उभं राहायचं, तर मुलाजवळ कोण? मी तिच्या मुलाजवळ बसले, ती जाऊन आली. तोवर ती रोज काय करत होती ते तिने मला सांगितलं. बेसिनमध्ये पिळून टाकत होती. वॉर्डातला फ्रिज इंजेक्शनांचा, त्यात दूध ठेवायचं नाही. एक साधा वेगळा फ्रिज असता तर झाकणाच्या स्वच्छ डब्यात ते दूध एक दिवस सहज टिकलं असतं आणि रोज संध्याकाळी भेटायला येणाऱ्या तिच्या दिराबरोबर बर्फात घालून घरी गेलं असतं. 1989 साली मुंबईच्या सायन इस्पितळात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी मातृदुग्धपेढी सुरू केली, आशियातली पहिली. परक्या बाईचं दूध परक्या मुलासाठी जपून ठेवता येतं हे या देशाला तेव्हापासून माहीत आहे. इथे तर आईचं स्वतःच्याच मुलीसाठी होतं.

प्रशिक्षणाच्या वेळी आम्हाला इंग्लंडच्या प्लॅट समितीबद्दल शिकवत असत. 1959 सालची. तोवर तिकडे इस्पितळात मुलाला भेटायला आईबापांना मोजून वेळ दिला जायचा. मुलांजवळ आईला राहू द्या, असं त्या समितीने सांगितलं. आमच्या ट्यूटर बाई अभिमानाने म्हणायच्या, "आपण आईला कधी बाहेर काढलंच नाही." खरं आहे. पण का काढलं नाही? कारण लंगोट बदलणं, ताप पुसून काढणं, सलाईन संपत आलं की हाक मारणं, औषध थुंकलं तर परत भरवणं, हे सगळं ती करते. तिला काढलं तर वॉर्ड एक दिवस चालणार नाही. बिनपगारी चोवीस तासांची पाळी, आणि त्या पाळीला जेवणाची सुट्टी नाही.

खर्च परवडणार नाही असं म्हणू नका. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात 2011पासून बाळंतिणीला साध्या बाळंतपणात तीन दिवस आणि सिझेरियनला सात दिवस मोफत जेवण आहे. आठव्या दिवशी तिची भूक संपते का? अतिकुपोषित मुलांसाठी जी पोषण पुनर्वसन केंद्रं असतात, तिथे आईलाही जेवण आणि बुडालेल्या मजुरीची भरपाई द्यायची अशी सरकारी मार्गदर्शक सूचनाच आहे. म्हणजे आई जेवली तर मूल सुधारतं, हे सरकारने एका दाराआड मान्य केलेलं आहे. माझी नात चार महिन्यांची असताना चार किलो शंभर होती. तिच्या आईसाठी तेच ताट मागताना फक्त दार वेगळं आहे म्हणून नाही म्हणायचं?

आमची सून एका कारखान्यात कंत्राटावर आहे. सव्वीस आठवड्यांची रजा मिळाली, ती जुलैत संपली. केंद्र सरकारच्या बायकांना मुलांच्या संगोपनासाठी सेवेत मिळून 730 दिवसांची रजा आहे. कंत्राटावरच्या बाईचं मूल आजारी पडलं तर तिला आहे तो बिनपगारी खाडा. पण तो विषय मोठा, त्यावर दुसरं कोणीतरी लिहावं.

माझी मागणी एका ओळीची आहे. मुलांच्या वॉर्डाच्या डाएट शीटवर मुलाच्या नावाखाली आणखी एक ओळ: 'आई, अंगावर पाजते, पूर्ण जेवण.' नळीवरचं बाळ असो की घरी तान्हं सोडून मोठ्याजवळ बसलेली बाई असो. दोन्ही वेळचं ताट खाटेपर्यंत. ती ओळ भरताना सिस्टरला 'तुम्ही पाजता का?' हे विचारावंच लागेल, आणि ते विचारलं की छाती दुखते का, दूध कुठे काढता, हे प्रश्न आपोआप मागून येतील. आडोसा आणि फ्रिज द्यायचे झाले तर तेव्हाच दिले जातील. त्याशिवाय कोणाला त्यांची आठवण होणार नाही, हे मी सदतीस वर्षांच्या अनुभवाने सांगते. आरोग्य खात्यातल्या एखाद्या अधिकाऱ्याने हे वाचलंच, तर जुन्या डाएट शीटवर ती ओळ नेमकी कुठे बसते ते दाखवायला मी येईन. रकाने मला अजून पाठ आहेत.

नातीचं वजन आता पाच किलो तीनशे आहे. अजूनही अंगावर पिते, मध्ये मध्ये थांबून, आईकडे बघत. ऑपरेशन पुढच्या महिन्यात ठरलं आहे, पंधरा दिवस तरी राहावं लागेल म्हणतात. घरचा डबा तीन कप्प्यांचा होता, मी परवा म्हापशाच्या बाजारातून पाच कप्प्यांचा घेऊन आले. शेजारच्या खाटेवर कोण असेल सांगता येत नाही.

आपली,
एक निवृत्त परिचारिका
डिचोली, गोवा